सिरीलचा डावा डोळा

आयव्ही तुस्कानो नवऱ्याला मारते.

ही बातमी ओकव्हिलच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये चहाच्या टेबलावर फुटली, आणि घरून तळून आणलेल्या मैद्याच्या फुग्यांचा डबा रिकामा व्हायच्या आत हॉलभर झाली. महिन्यातून एकदा आम्हा वसईकरांची तिथं मराठी मिस्सा असते. वर प्रार्थना, खाली चहा, आणि चहाबरोबर शेजाऱ्याची चौकशी. वरचं काम तासाभरात आटपतं. खालचं आटपता आटपत नाही.

पुरावा कोणा चुगलखोरानं आणला नव्हता, खुद्द फादरांनी वाचून दाखवला होता. आजची मिस्सा कोणाकोणासाठी आहे हे फादर सुरुवातीलाच सांगतात. कोणाच्या मयत आईच्या आत्म्यासाठी, कोणाच्या पी.आर. कार्डासाठी, कोणाच्या पोराला नोकरी लागावी म्हणून. सप्टेंबरात फादर म्हणाले, "सिरील तुस्कानो यांच्या उजव्या खांद्यासाठी, पत्नी आयव्ही यांच्या वतीनं." लोकांनी माना हलवल्या. वय झालं बिचाऱ्याचं. ऑक्टोबरात म्हणाले, "सिरील तुस्कानो यांच्या गुडघ्यासाठी." तेव्हा मागच्या बाकावर जरा कुजबुज झाली. नोव्हेंबरात फादरांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "सिरील तुस्कानो यांच्या डाव्या डोळ्यासाठी."

अख्खं देऊळ वळलं. तिसऱ्या बाकावर सिरील बसला होता आणि त्याचा डावा डोळा वांग्याच्या रंगाचा झाला होता.

खाली आल्या आल्या ग्लेन्डा रुमावनं मला कोपऱ्यात घेतलं. ग्लेन्डा कोणाच्या घरात नाक खुपसत नाही, असं ती स्वतःच सांगते. कोणाच्या घरी वॉशरूमला कुठल्या टाइल्स बसवल्या ते तिला आपोआप कळतं.

"अंकल, खांदा दुखतो वयानं. गुडघा दुखतो थंडीनं. डोळा कशानं काळा होतो?"

"कशानं?"

"हातानं."

"पण मारायचं आणि वर मिस्सा सांगायची?"

"प्रायश्चित्त!" ग्लेन्डा म्हणाली, आणि तिनं चहात बिस्किट बुडवलं.

आता असं बघा, सिरील मार खाण्यासारखा होताच. हा माणूस जन्मात एका जागी बसलेला नाही. भुईगावचा. बापाची केळीची वाडी होती, ती थोरल्या भावावर टाकून हा बहारिनला गेला. तिथं फोरमन होणार होता, तेवढ्यात कॅनडाचं वेड लागलं. आधी माँट्रियल. फ्रेंच जमायला लागलं होतं, तर म्हणे इथं पावात मीठ कमी असतं, आणि निघाला. मग स्कारबरो, मग ब्रॅम्प्टन, शेवटी ओकव्हिल. टॅक्सी चालवली, वेअरहाउसमध्ये माल उचलला, बेकरीत ओव्हनसमोर उभा राहिला. खुर्चीवर बसला तरी त्याचा एक पाय हलतच असतो. मिस्साच्या वेळी त्याच्या बाकावरची पुस्तकं थरथरतात.

आयव्ही त्याच्या अगदी उलट. निर्मळ गावची, बांध्यानं भरलेली, शांत. लग्नाआधी वाडीतून केळीचे लोंगर खांद्यावर घेऊन येणारी. तिच्या दोन खोडी मात्र सांगायला हव्यात. एक, ती खोटं बोलत नाही. विचारल्याशिवाय सांगत नाही, पण विचारलं तर जे आहे ते सांगते. लग्नाच्या जेवणात तिला कोणी इंद्याल कसं झालंय विचारत नाही ते म्हणूनच. दुसरी, देवाकडे ती मोघम काही मागत नाही. "मोघम मागितलं तर तो मोघमच देणार," असं तिचं म्हणणं. म्हणून प्रकृतीसाठी मिस्सा न सांगता खांद्यासाठी खांद्याची, गुडघ्यासाठी गुडघ्याची.

बेकरीतून रिटायर झाल्यावर सिरील पार पिसाटला. पहाटे उठून शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा, न विचारता. एका म्हातारीनं पोलिसांना फोन केला. मग छातीत दुखलं, हृदयात स्टेंट बसला, आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, कोक्विटलामहून, त्याची मुलगी शेरिल आली. शेरिल फिजिओथेरपिस्ट. बापाला खाटेवर झोपवून तिनं अट घातली: "वन मोअर इंज्युरी, डॅड, एनी इंज्युरी, अँड वी सेल धिस हाउस. तुम्ही दोघं माझ्या बेसमेंटमध्ये राहायला येणार." सिरीलनं मान डोलावली. चादरीखाली पाय हलतच होता.

डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून तो तळ्याच्या काठानं चालायला लागला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

कॉन्डोंच्या मधे एक मैदान आहे. पूर्वी तिथं हॉलोवेल कॉलेज होतं. पाद्री घडवायचं कॉलेज, कधीच बंद पडलं. अठराशे चौऱ्याण्णव साली त्या होणाऱ्या पाद्र्यांनी फुटबॉलची टीम काढली. इथला फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा चेंडू काखेत मारून पळायचं. तेव्हा हेल्मेट नाही, काही नाही, डोक्यावर विणलेली टोपी. टीम सगळ्या मॅच हरली. एक पॉइंट नाही. समोरच्याला पाडलं की हे आधी त्याची माफी मागायचे, मग उठायला हात द्यायचे, जिंकणार कुठून? शेवटच्या मॅचला मात्र त्यांचा कॅप्टन हार्कनेस चेंडू घेऊन अख्खं मैदान चिखलातून पळाला, आणि गोलरेषेच्या हातभर आधी गावच्या लोहारानं त्याला आडवा केला. मोसम संपला. शून्य ते शून्यच.

ओकव्हिलच्या गोऱ्या म्हाताऱ्यांना या शून्याचा इतका अभिमान की दर वर्षी हिवाळ्याआधी ते हा अख्खा मोसम पुन्हा खेळतात. त्याच मॅच, तेच पट्ट्यापट्ट्यांचे लोकरीचे कपडे, तोच पराभव. वयं झालेली, म्हणून पाडापाडी नाही. खांद्यावर हात ठेवला की समोरच्यानं आपलं आपण पडायचं. फक्त शेवटच्या मॅचमध्ये लोहार झालेला माणूस हार्कनेसला खराखुरा पाडतो. लोहार म्हणजे डग, फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेला, दारात उभा राहिला तर दार दिसत नाही. आणि हार्कनेस करणाऱ्याचा गुडघा त्या ऑगस्टात बदलला होता.

सिरील कुंपणाशी उभा होता. पाय हलत होता. चेंडू त्याच्याकडे आला, त्यानं तो घेतला आणि या टोकाहून त्या टोकाला नेऊन दिला. हा खेळ भरवणाऱ्या मंडळाचे प्रमुख मिस्टर फिनली, इतिहासाचे जुने मास्तर, त्यांनी त्याच्या डोक्यावर टोपी चढवली. म्हणाले, "तू पळायचं, डग तुला पाडणार, आणि सगळे रडणार. इट्स ब्युटिफुल."

"मी पडलो नाही तर?"

फिनली हसले. "सॉरी. यू ऑलवेज फॉल."

सिरील घरी आला तो आयव्हीभोवती किचनमध्ये फेऱ्या घालायला लागला.

"आयव्ही, इतकी वर्षं तो माणूस हातभर आधी पडतोय."

"पडू दे. तुझा कोण लागतो?"

"अगं, मी तरी कुठं पोचलो सांग. बहारिनला फोरमन व्हायच्या आधी निघालो. माँट्रियलला भाषा यायच्या आधी निघालो. बेकरीत सुपरवायझरची खुर्ची दिसायला लागली आणि रिटायर झालो. सगळीकडं हातभर आधी."

"माझ्यापर्यंत पोचलास ना?"

"तुझ्या बापानं कॉलर धरली म्हणून!"

आयव्हीनं मासळीचं कालवण ढवळलं, गॅस बारीक केला. "शेरिलला कळलं तर घर जाईल. आणि मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"विचारणार कशी? ती तिकडं कोक्विटलामला."

"बरं. तुझा मोसम संपेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. आता पाय हलवायचा थांब, कालवण सांडतंय."

हे सगळं आम्हाला नंतर कळलं, तुम्हाला मी आधीच सांगून टाकलं. आम्हाला तेव्हा दिसत होता तो फक्त खांदा, मग गुडघा, मग डोळा. ग्लेन्डानं एका रविवारी सिरीलच्या हातात गुपचूप एक फोन नंबर दिला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "सिरीलअंकल, यू आर नॉट अलोन." सिरीलला वाटलं, बर्फ काढायला माणूस मिळतोय. त्यानं तो फ्रिजवर चिकटवला. आयव्हीनं फ्रिज उघडला तेव्हा नंबर ओळखला. घरात मार खाणाऱ्यांचा हेल्पलाइन नंबर होता तो. चर्चच्या हॉलमध्ये बायका आपल्याला पाहून खाण्याच्या टोपल्या का सरकवून घेतात, ते तिच्या ध्यानात आलं. नंबर तिनं काढला नाही.

ग्लेन्डाला मात्र गप्प बसवेना. तिनं कोक्विटलामला व्हॉट्सॲप केलं. शेरिल पुढच्याच विमानानं आली.

घरात पाऊल टाकलं तिनं आणि बापाला खुर्चीत बसवून खांदा दाबून पाहिला. सिरील "आयो!" करून ओरडला. "धिस इज नॉट अ फॉल," शेरिल म्हणाली. मग खाली बेसमेंटमध्ये गेली, तर तिथं जमिनीवर गादी. वर आली ती पांढरीफटक.

"यू गाइज स्लीप सेपरेटली?"

"नाही गं," आयव्ही म्हणाली.

"मम. लुक ॲट मी. डिड यू हिट डॅड?"

सिरीलनं चहाचा कप खाली ठेवला. टेबलाखाली त्याचा पाय, काय सांगू, शिलाई मशीन झाला होता. शेवटची मॅच येत्या शनिवारी होती. आता फुटबॉलचं नाव निघालं की घर गेलंच, आणि मॅचही.

"हो," आयव्ही म्हणाली.

"हो?"

"हो. चहा घे, निवतोय."

"अँड द आय?"

"डोळापण मीच."

शेरिलनं दोन्ही हातांत डोकं धरलं. मग म्हणाली, उद्याच्या उद्या डॅडला घेऊन जाते, तुला काउन्सेलिंग लावते, घराचं नंतर बघू. आयव्हीनं एवढंच म्हटलं, "शनिवारपर्यंत थांब. मग न्यायचं त्याला ने."

शेरिलनं हे रडत रडत ग्लेन्डाला सांगितलं. ग्लेन्डानं, कोणाला सांगणार नाही असं वचन देऊन, मला सांगितलं. मीही तशीच वचनं देत गेलो.

शनिवारी सकाळी आयव्ही थर्मास घेऊन निघाली; कुठं, ते तिला कोणी विचारलं नाही. थोड्या वेळानं सिरील ग्रोसरीला म्हणून मोठी बॅग घेऊन निघाला. बॅग भरलेली होती. ग्रोसरीला कोणी भरलेली बॅग नेतं? ग्लेन्डाची गाडी कोपऱ्यावर उभीच होती. शेरिल पुढं बसली. मी मागं होतो, कारण मलाही नेमकं त्याच दिशेला काम निघालं.

"मला तर वाटतं," ग्लेन्डा स्टिअरिंग वळवत म्हणाली, "घरी मार खातो, आणि बाहेर कोणीतरी मलम लावणारी आहे."

"आंटी!"

"मी आपलं वाटतं ते बोलते, बाय. अंकल, सीटबेल्ट."

तळ्यावरून वारा असा येत होता की गाडी आडवी सरकत होती. पोचलो त्या मैदानाशी. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे स्वेटर घातलेले म्हातारे चिखलात एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवत होते आणि सावकाश, कंबर सांभाळत आडवे होत होते. कडेला एक बाई मोठं शून्य छापलेले कॉफीचे मग विकत होती. तिच्याकडून आम्हाला हॉलोवेलची सगळी कथा कळली.

"इज दॅट..." शेरिल म्हणाली.

तो सिरीलच होता. डोक्यावर विणलेली टोपी, ओठावर चिकटवलेली मिशी, एका बाजूनं सुटलेली. उभ्या जागी नाचत होता.

"ही हॅज अ स्टेंट!" म्हणत शेरिल मैदानात धावली. दोन पावलं गेली असेल, तिच्या दंडाला कोणीतरी धरलं. आयव्ही गोलरेषेमागे थर्मास घेऊन उभी होती, ती कधी पुढं आली कळलंच नाही. शेरिल व्यायामाची, रोज माणसं ओढणारी पोरगी; तिनं हिसडा दिला, पण दंड सुटेना.

"शनिवारपर्यंत थांब म्हटलं होतं ना?" आयव्ही म्हणाली. "शनिवार अजून संपला नाही."

तेवढ्यात चेंडू सिरीलच्या काखेत आला आणि तो सुटला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो, बसमागे, विमानामागे, नोकरीमागे पळताना पाहिलंय. पण असा नाही. पहिला म्हातारा पुढं आला, हात लावायला गेला, चुकला. दुसरा कौतुकानं बाजूलाच झाला. सगळं ठरल्याप्रमाणे. लोक डोळे पुसायला रुमाल काढू लागले. रेषेच्या अलीकडे डग उभा होता, हात पसरून, चिखलात पाय रोवून.

"डावीकडून!" आयव्ही ओरडली. एवढा आवाज तिच्यात आहे हे कोणाला माहीत नव्हतं. "डावीकडून, मेल्या! खांदा खाली घे!"

सिरीलनं खांदा खाली घेतला, उजवीकडे जातोसं दाखवलं आणि डावीकडून आत शिरला. डगनं पुढं झेप घेतली ती थेट चिखलात. हातभर जागा उरली होती. सिरील तिथं क्षणभर थांबला. खरंच थांबला. पाय हलत नव्हता. मग त्यानं चेंडू दोन्ही हातांत धरला, रेषेपलीकडे नेला आणि आयव्हीच्या बुटांपाशी टेकवला.

कोणी टाळी वाजवली नाही. मग ग्लेन्डा किंचाळली, "गो, सिरीलअंकल!" आणि एकटीच नाचली.

रेफ्रीनं फिनलींकडे पाहिलं. फिनलींनी आभाळाकडे. मग ते चिखल तुडवत आले आणि सिरीलच्या डोक्यावरची टोपी अगदी अलगद काढून घेतली.

"सॉरी, सिरील. चौऱ्याण्णव साली असं झालं नव्हतं. पॉइंट धरता येणार नाही. आणि पुढच्या वर्षी... सॉरी."

"पण आज झालं ना?"

फिनलींनी बराच वेळ टोपीतला चिखल झटकला. "येस," म्हणाले. "आय ॲम सॉरी टु से, येस."

"मग बस."

शेरिल बापाची नाडी धरून चिखलातच बसली होती. ओरडायचं खूप ठरवलं असेल तिनं, पण तिला हसूच येत होतं, रडूही. शेवटी म्हणाली, "यू आर स्टिल मूव्हिंग टु कोक्विटलाम. बोथ ऑफ यू."

"चल," सिरील म्हणाला. एका शब्दात. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठून तरी पोचून निघत होता.

घर विकलं गेलं. जाण्याआधी आमच्या हॉलमध्ये आयव्हीचा जो मान झाला, तो बिशपचाही होत नाही. बघा बघा, मैदानात नवऱ्याला लागलेलं लपवायला या बाईनं मारकुट्या बायकोचं नाव स्वतःवर घेतलं, पोटच्या मुलीसमोर! ग्लेन्डा तर इतकी विरघळली की डिसेंबरात फादरांनी वाचलं, "आयव्ही तुस्कानो यांच्या चांगल्या नावासाठी, ग्लेन्डा रुमाव यांच्या वतीनं." आयव्हीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि चहा प्यायली. तिला कोणी काही विचारलंच नाही.

सिरील आता कोक्विटलामच्या बेसमेंटमध्ये असतो, म्हणजे नसतो. सकाळी टेकडी चढतो, दुपारी उतरतो, आणि एका बर्फावरच्या खेळाच्या क्लबाबाहेर कुंपणाला टेकून उभा राहताना शेरिलनं त्याला दोनदा पकडलंय. पाय पुन्हा हलायला लागला आहे.

नाताळला मी फोन केला. सिरील बाहेर गेला होता, आयव्हीनं उचलला. कुसवाराचा फराळ झाला का, थंडी कशी आहे, असं सगळं झाल्यावर मी सहज विचारलं, "आयव्ही, तो डोळा नेमका कुठल्या मॅचला लागला होता गं?"

"मॅचला?" ती म्हणाली. "तिथं कोणाला काय लागणार? खांद्यावर हात ठेवला की आपलं आपण पडायचं."

मग तिनं सांगितलं, कारण मी विचारलं होतं.

सिरीलला डगला चुकवायची प्रॅक्टिस हवी होती. ऑगस्टपासून रोज संध्याकाळी ती बेसमेंटमध्ये गादी अंथरून त्याला आडवी जायची आणि पाडायची. खांदा तिनं पाडल्यामुळे दुखावला, गुडघाही तिनंच. डोळ्याला तिचं कोपर लागलं. तिला चुकवून तो पलीकडे एकदाही गेला नाही.